कोहळा फुटल्यानंतरचा शॉट

चेन्नईहून कुणी गाडी घेऊन आलं की आधी माझ्या ओट्याशी थांबतं आणि विचारतं, "डायरेक्टर मरुदन इथंच राहतात ना?" मी म्हणते, राहतात. पण डायरेक्टर म्हणून हाक मारलीत तर आतून ओ येणार नाही. नळाला पाणी नाही म्हणून ओरडलात, तर अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर येतील. लोकांना ती थट्टा वाटते. जन्मभर बालवाडीत पोरांची नाकं पुसली आहेत मी, थट्टा मला येत नाही असं नाही, पण हे अगदी खरं आहे. गेल्या निवडणुकीपासून तो आमच्या सेंगुळमचा पंचायत अध्यक्ष आहे आणि राहतो मात्र अजून माझ्या पुढच्या खोलीत, भाड्यानं. पेच्चियक्काचा भाडेकरू, ही त्याची गावातली पहिली ओळख.

आला होता सिनेमा काढायला. महिना-दीड महिन्याचं काम होतं. इथंच राहिला तो एका डोळ्यापायी, आणि त्याच्या हट्टापायी. दोन्हींचं मला तेव्हा काही कौतुक नव्हतं.

मरुदन विरुदुनगरच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा. विशीत एक पत्र्याची पेटी घेऊन चेन्नईला, सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कमला गेला आणि दहा-अकरा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत सहायक म्हणून राबला. हिरोवर छत्री धर, हिरॉइनची कॉफी गोड झाली म्हणून बोलणी खा, साहेबांचा राग शांत होईपर्यंत जिन्यात उभा राहा. पहिला स्वतःचा सिनेमा शुक्रवारी लागला आणि रविवारी उतरला. दुसरा होता लग्नात बँड वाजवणाऱ्या भावांचा. तो चालला. त्याची आई सगळी गल्ली घेऊन थेटरात गेली होती आणि मध्यंतरात उभी राहून "माझा पोरगा, माझा पोरगा" करत होती, असं त्यानंच मला सांगितलं. त्या एका चाललेल्या सिनेमाच्या जोरावर त्याला तिसरा मिळाला. गोष्ट होती तळं गमावलेल्या गावाची. "तळ्याला कोण बघायला येणार?" असं निर्माता म्हणाला, म्हणून त्यात दोन मारामाऱ्या घालायचं ठरलं.

माणूस काळ्या शर्टातला. देव मानत नाही, कपाळाला विभूती लावत नाही, सणाला घरी गेला तर आईशी वाद घालून येतो. पण सिनेमावाल्यांचं कसं असतं बघा. पहिल्या दिवशी युनिटच्या गाड्या निघाल्या तेव्हा प्रत्येक चाकाखाली लिंबू होतं. मी विचारलं, "काय हो डायरेक्टर, देव नाही आणि लिंबू चालतं?"

"ते युनिटसाठी, अक्का," तो म्हणाला. "माझा विश्वास नाही." आणि स्वतःच्या गाडीखालचं लिंबू सरळ आहे ना, ते वाकून बघितलं.

आमच्या गावराखण्या देवाचं, अय्यनारचं खरं ठाणं तळ्याच्या पलीकडं, राईत आहे. तिथं चपला घालून जाता येत नाही, तर दिवे आणि केबली कुठून नेणार? मग युनिटनं तळ्याच्या बांधावरच खोटं ठाणं उभं केलं. बांबू, गोणपाट आणि प्लास्टरचा घोडा, दोन पुरुष उंच. झाला मात्र देखणा. आमचे घोडे मातीचे, ते वेळार लोक घडवतात. कुंभारही तेच आणि पुजारीही तेच. आणि डोळे काढेपर्यंत तो घोडा म्हणजे नुसतं मडकं असतं. डोळे उघडले की अय्यनार त्याच्यावर बसतो आणि तळ्याची राखण करतो. सेटवरचा रंगारी मदुरैकडचा होता, त्याला हे ठाऊक. त्यानं खोगीर रंगवलं, घंटा रंगवल्या, दात सुद्धा रंगवले आणि डोळ्यांच्या जागी पांढरं ठेवून दिलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. सिनेमावाल्यांची रीत अशी की शूटिंग संपलं की कोहळ्यावर कापूर पेटवून ओवाळायचा आणि फोडायचा. कोहळा फुटला की काम बंद, त्यानंतर कॅमेरा चालू करायचा नाही. तसा कोहळा फोडला, आम्हा सगळ्यांना केसरी भात वाटला. मी वाटीभर घेऊन निघालेच होते, तेवढ्यात मरुदनची हाक ऐकू आली. तो काढलेलं चित्र पुन्हा बघत होता. घोड्याचं तोंड जवळून घेतलं होतं आणि डोळा कोरा.

"उजेड आहे अजून. एक शॉट," तो म्हणाला.

मॅनेजरचा घास तोंडातच राहिला. "सार, कोहळा फुटलाय!"

"फुटू दे. रंग आण."

रंगारी म्हणाला, "सार, हात तोडा, पण हे माझं काम नाही." मग मरुदन स्वतःच शिडीवर चढला, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि दोन डोळे काढले. चांगले काढले हो, मोठे, जरा रागीट. कॅमेरामननं बटण दाबताना स्वतःचे डोळे मिटून घेतले होते, ते मी बघितलं.

आमचे सेवुगन वेळार शूटिंग बघायला रोज येऊन बसायचे. थकलेला माणूस, पण आवाज तळ्याच्या दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असा. ते उठले आणि शिडीखाली येऊन उभे राहिले.

"तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते म्हणाले, "काय करून बसलास हे?"

"काही नाही अय्या. प्लास्टर आहे."

"प्लास्टर असो नाहीतर सोनं असो. ज्यानं डोळे उघडले, त्यानं दर उत्सवाला त्या डोळ्यांपुढं उभं राहायचं. नाही आला तर ते डोळे त्याला शोधत बसतात. आमच्या गावची रीत आहे ही."

युनिट हसलं. मरुदनही हसला आणि दुसऱ्या दिवशी सगळे चेन्नईला गेले.

सिनेमा आठवडाभर चालला. निर्माता म्हणाला, कोहळ्यानंतरच्या शॉटनं घात केला. मरुदन म्हणाला, मारामाऱ्यांनी. मी तो सिनेमा शिवगंगैला जाऊन बघितला आहे. मध्यंतरानंतर तो रबरासारखा ताणला आहे, त्यात देवाचा काही दोष नाही.

इकडं सेट मोडायला माणसं आली, तर घोड्याच्या पायाशी बायकांनी पोंगल शिजवलेला आणि गळ्यात पिवळा दोरा. हात लावू देईनात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वेळारांनी मॅनेजरच्या फोनवरून मरुदनला बोलावलं. तो उत्सवाला आला, बसनं, एकटा. देव मानत नव्हता तरी आला. मला वाटतं सिनेमा पडल्यावर माणसाला कुणीतरी बोलावलेलं बरं वाटतं. तीन दिवसांसाठी माझी पुढची खोली घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर फिरायला गेला, तर तळ्यात लॉऱ्या.

ती पोन्नुरंगमची माणसं. पोन्नुरंगम आमच्याकडचा कंत्राटदार. सरकारकडून परवाना काय, तर तळ्यातला गाळ काढून शेतांना द्यायचा. गाळ केव्हाच संपला होता. खाली वाळू लागली आणि ती भरभरून शहराकडं चालली होती. तळ्याच्या पोटात घराएवढे खड्डे पडले होते. माझ्या शेजारणीची म्हैस एका खड्ड्यात गेली ती गेलीच. माझं शेत त्याच तळ्याखाली. तळ्याचं पाणी नाही तर भात नाही, आणि भात नाही तर बालवाडीच्या पेन्शनीवर काय पिकतं ते देवच जाणे.

लॉऱ्यांना शाळेवरून लांबचा वळसा पडत होता. पोन्नुरंगमला बांध कापून जवळचा रस्ता हवा होता, आणि बरोबर त्या जागी तो प्लास्टरचा घोडा उभा. यंत्र घेऊन ड्रायव्हर आला, घोड्याकडं बघितलं, खाली उतरून कापूर लावला आणि यंत्र मागं घेऊन गेला. दुसरा आला, त्यानं तर नारळ फोडला. त्या रागीट डोळ्यांपुढं कुणाची छाती होईना. बांध राहिला तो त्या घोड्यामुळं. गावात ही गोष्ट प्रत्येकाला कळत होती.

मरुदन चेन्नईला गेला आणि कॅमेरा घेऊन परत आला. लॉऱ्यांचं चित्रण केलं. मग आमच्याबरोबर बांधावर बसायला लागला. पोलीस यायचे, सगळ्यांना गाडीत घालायचे आणि गावाबाहेरच्या कल्याणमंडपात नेऊन बसवायचे. दुपारी सांबारभात, संध्याकाळी सुटका. त्या वर्षी आम्ही लग्नाला कमी आणि अटकेला जास्त वेळा मंडपात जेवलो. मरुदन तिथं पोलिसांनाच वाढायला लावायचा. "भात घाला ना हवालदारसाहेब, सरकारचाच आहे." हवालदारही घालायचे.

पण त्याच्या पुढच्या सिनेमाचं बोलणं चालू होतं ते थांबलं. निर्मात्यांना भानगडीतला माणूस नको असतो. फोन येईनासे झाले. मी एकदा स्पष्ट विचारलं, "तंबी, तू परत का जात नाहीस? इथं तुझं काय आहे?"

"डोळा मी उघडलाय ना अक्का."

"तू तर देव मानत नाहीस!"

"देव नाही मानत. वेळारअय्यांना मानतो."

पंचायतीची निवडणूक लागली. पोन्नुरंगमनं मेहुण्याला उभं केलं, आणि आम्ही मरुदनला धरून उभं केलं. त्याचं नाव मतदारयादीत माझ्याच पत्त्यावर होतं. चिन्ह मिळालं कुलूप-किल्ली. भाषण त्याचं अगदी सामान्य. लोकांना वाटलं होतं डायरेक्टर म्हणजे टाळ्यांची वाक्यं येतील. हा बोलता बोलता अडायचा आणि म्हणायचा, "थांबा, हे नीट नाही झालं, परत सांगतो." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण एक वाक्य तो दर वेळी न अडता बोलायचा: "मी तुमच्याशी खोटं बोललो तर मला बसमध्ये बसवून द्या."

मतदान आठवड्यावर आलं आणि पोन्नुरंगमनं डाव टाकला. तालुक्याला अर्ज दिला, की बांधावरचा घोडा म्हणजे देवस्थान नाही, सिनेमाचा सेट आहे, अतिक्रमण आहे, ते काढा. तहसीलदार बाई स्वतः बांधावर येऊन चौकशी करणार असं ठरलं. गावात सगळ्यांना एकच गोष्ट समजली. घोडा पूर्वापार आहे असं मरुदननं म्हटलं, तर गाव होकार देईल आणि बांध वाचेल. नाही म्हटलं तर घोडा गेला, बांध गेला आणि तळंही गेलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्याला डोसे वाढले, चटणी जास्त घातली आणि म्हटलं, "उद्या काय सांगायचं ते माहीत आहे ना?"

"काय?"

"माझ्या आज्यापासूनचा घोडा आहे म्हणायचं. आम्ही सगळे मान हलवू. वेळारही गप्प राहतील."

"तुझा आजा प्लास्टर वापरायचा का?"

"ए, शहाणपणा नको! माझं शेत आहे खाली. तुझ्या एका वाक्यानं ते जगतंय. सिनेमात शंभर खोट्या गोष्टी सांगितल्यास, ही एक सांग."

तो चटणी बोटानं पसरत होता. मग म्हणाला, "अक्का, सिनेमात मी तिकीट काढून आलेल्यांना खोटं सांगतो. त्यांना माहीत असतं."

"त्या बाईंनी तिकीट नाही काढलेलं, एवढंच ना? मी काढून देते." मला इतका राग आला होता की मी पुढचा डोसा तव्यावरच करपू दिला.

दुसऱ्या दिवशी बांधावर सगळं गाव. पोन्नुरंगम पांढऱ्या धोतरात, मेहुणा त्याच्या मागं. तहसीलदार बाई तरुण होत्या, डोक्यावर छत्री, पायांत चपला. घोड्याजवळ आल्यावर त्यांनी चपला काढल्या. ते बघून मला जरा धीर आला. त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, सगळे म्हणाले, पूर्वापार. वेळार तोंडात पान धरून आभाळाकडं बघत होते. मग त्यांनी मरुदनला विचारलं, "तुमच्या सिनेमासाठी हा घोडा बनवला असं अर्जात आहे. खरं आहे का?"

मी त्याच्याकडं बघत होते. काळा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"खरं आहे, मॅडम," तो म्हणाला. "आत बांबू आहे, गोणपाट आहे. डोळे मी काढले. शॉट हवा होता म्हणून."

मेहुण्यानं टाळीच वाजवली. मागून कुणीतरी ओरडलं, "विकला गेला! कितीला विकला गेलास रे?" एका म्हातारीनं मूठभर धूळ त्याच्या अंगावर टाकली. मी अडवलं नाही तिला.

बाईंनी लिहून घेतलं. "मग हे काढावं लागेल," त्या म्हणाल्या.

"काढू," मरुदन म्हणाला. "घोडा माझा होता, तो मी काढतो. पण आता आलाच आहात तर खाली उतरून एकदा तळं बघा. ते मी बनवलेलं नाही. त्यांचा परवाना गाळाचा आहे आणि चालली आहे वाळू."

पोन्नुरंगम मध्ये पडला, "मॅडम, हा सिनेमावाला आहे. नाटकं करतो. त्याच्या कॅमेऱ्यातलं काही खरं धरू नका."

बाई थोडा वेळ छत्री फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यानं स्वतःचा घोडा वाचवला नाही, तो खड्ड्यांबद्दल कशाला खोटं बोलेल?" आणि हातात चपला घेऊन तशाच अनवाणी तळ्यात उतरल्या. पोन्नुरंगम मागून "मॅडम, मॅडम" करत धावला, धोतर वर खोचून. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी वाळूची मूठ उचलली, बोटांतून गळू दिली, आणि मोजणी होईपर्यंत एकही लॉरी आत येणार नाही असा हुकूम तिथंच दिला. मोजणीनंतर परवाना रद्द झाला.

एवढं झाल्यावर गावानं त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं की नाही? पण लॉऱ्या थांबल्या ते डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि देवाचा घोडा जाणार ते दिसत होतं. लोकांनी मेहुण्याला निवडून दिलं. फार नाही, पण थोड्या मतांनी मरुदन त्या खेपेला पडला; अध्यक्ष झाला तो त्याच्या पुढच्या निवडणुकीत. मी कुलूप-किल्लीवरच शिक्का मारला, पण शिव्या देत मारला, हेही सांगून टाकते. अजूनही मला वाटतं की एक खोटं बोलला असता तर काही आभाळ कोसळलं नसतं. तो म्हणतो, कोसळलं असतं. आमचा हा वाद चालूच आहे.

घोडा उतरवायचा दिवस आला. मला वाटलं, आता हा जाणार. पडला, फोन नाहीत, गाव तोंड फिरवतंय, कशाला राहील? माझं मन मऊ झालं. आठवडा बाजारातून मी एक चांगला राखी कोहळा आणला, वर कापराची वडी ठेवली आणि बांधावर घेऊन गेले. म्हटलं, यांच्यात काम संपलं की फोडतात. रीतीनं निरोप देऊ.

बांधावर थोडीच माणसं होती. मरुदन आणि दोन पोरं दोऱ्या सोडत होती. वेळार आले आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. उघडलेले डोळे असे मोडत नाहीत. आधी दुसरा घोडा बसायला हवा. मातीचा, या तळ्याच्या मातीचा. आणि मातीची पहिली मूठ ज्यानं डोळे उघडले त्यानं मला द्यायची. बघ, देतोस का? मूठ दिलीस की उत्सवापर्यंत तू गावचा बांधील. मग चेन्नई नाही, काही नाही."

"मी देव मानत नाही अय्या."

"तुला कोण विचारतंय? माती मागितली मी."

मरुदन तळ्यात उतरला. सगळीकडं वाळूचे खड्डे. घोड्याच्या खालचीच तेवढी जमीन राहिली होती, जिथं लॉरी गेली नव्हती. तिथं वाकून त्यानं दोन्ही हातांनी उकरलं. काळी, चिकट, ओली माती निघाली. तिची मूठ घेऊन तो वर आला आणि वेळारांच्या पंच्यात ठेवली. त्या म्हाताऱ्यानं ती कपाळाला लावली. ती धूळ टाकणारी म्हातारी माझ्या शेजारीच होती. तिनं पदरानं त्याचे हात पुसले. मला रडू आलं, लपवायचं कशाला.

मग त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. "अक्का, हा कोहळा कशाला?"

"तुमच्यात काम संपलं की फोडतात ना. म्हटलं, तू जाशील..."

त्यानं कोहळा माझ्या हातांतून घेतला, वरचा कापूर उचलून वेळारांना दिला आणि कोहळा परत माझ्याच कमरेवर ठेवला.

"मागच्या वेळी फोडला आणि मग शॉट घेतला. काय झालं बघितलंस ना? या वेळी फोडायचाच नाही. जा, ताकाच्या कढीत घाल."

मी घरी येऊन कोहळा चिरला आणि मोठ्या पातेल्यात कढी टाकली. मिरची जरा जास्त पडली. ज्यांनी मत दिलं नव्हतं तेही पानावर येऊन बसले, आणि मरुदन प्रत्येकाला विचारत वाढत होता, "अजून थोडी? घ्या ना, पुष्कळ आहे."